शाळेच्या परिसरात द्वेषगटाची पत्रकं, आणि मुख्याध्यापकांचं गुळमुळीत पत्र

अबोली

आमच्या गावात (पेनसिल्व्हेनियातलं एक उपनगर, नाव मुद्दाम देत नाही) मागच्या आठवड्यात रात्रीतून घरोघरच्या ड्राइव्ह-वेवर प्लास्टिकच्या पिशव्या टाकल्या गेल्या. आत एक पत्रक, आणि पिशवी वाऱ्यानं उडू नये म्हणून मूठभर तांदूळ. मजकूर ज्यूंविरुद्ध, खाली दोन ओळी बाहेरून येऊन 'देश बळकावणाऱ्यां'बद्दल. स्कूलबसचा थांबा आमच्याच कोपऱ्यावर, त्यामुळे मोठ्यांच्या आधी मुलांनीच वाचलं. लेक सातवीत आहे. तिची एक ज्यू मैत्रीण त्या दिवशी शाळेत आलीच नाही.

संध्याकाळी मुख्याध्यापकांचं ईमेल आलं. परिसरात घडलेल्या एका घटनेची शाळेला कल्पना आहे, मुलांची सुरक्षितता सर्वांत महत्त्वाची, समुपदेशक उपलब्ध आहेत. संपलं. कसली घटना, कोणाविरुद्ध, शाळेला त्याबद्दल काय वाटतं, अक्षर नाही. पाण्याचा पाइप फुटला तेव्हाही याच सुरातलं पत्र आलं होतं.

आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. काही म्हणतात, आपल्याबद्दल नाहीये ना, मग कशाला पुढे व्हायचं? बाकीचे म्हणतात, खालच्या दोन ओळी वाचल्या नाहीत का? मला तो वाद इथे आणायचा नाही. अशा वेळी इतर ठिकाणच्या शाळांनी नेमकं काय केलं आणि कायद्यानं त्यांना काय करता येतं, एवढंच विचारायचंय. शुक्रवारी मुख्याध्यापकांची वेळ मिळाली आहे. त्यांच्याकडे मागायचं काय, ते ठरवायचंय.

जुना_जर्सीकर

"आपल्याबद्दल नाहीये ना" म्हणणाऱ्यांना १९८७ची जर्सी सिटी सांगा. तेव्हा ते आपल्याबद्दलच होतं. स्वतःला 'डॉटबस्टर्स' ('डॉट' म्हणजे आपली टिकली) म्हणवणाऱ्या टोळीचं पत्र 'जर्सी जर्नल'मध्ये छापून आलं होतं. भारतीयांनी शहर सोडावं म्हणून वाटेल त्या थराला जाऊ, असं त्यात उघड लिहिलेलं. सप्टेंबरात होबोकेनमध्ये नवरोज मोदी या पारशी तरुणाला टोळक्यानं इतकं मारलं की तो त्यातून उठला नाही. पाठोपाठ जर्सी सिटीत डॉ. कौशल शरण यांना बेशुद्ध पडेपर्यंत मारहाण झाली.

मोदी प्रकरणात ज्यांच्यावर खटला चालला ती किशोरवयीन मुलं होती, शाळेच्या वयाची. आमच्यातली वडीलधारी मंडळी तेव्हा बायकांना सांगत होती, साडी नेसून बाहेर पडू नका, टिकली काढा. मुलांना सांगत होती, शाळेत कोणी काही म्हटलं तर ऐकून घ्या. शाळांनी मनावर घेतल्याचं मला तरी आठवत नाही. हललं ते बाहेरून. कोलंबिया विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांचा एक गट पुढे आला, त्यांनी हल्ल्यांच्या नोंदी गोळा केल्या आणि जर्सी सिटीच्या एका हायस्कूलमध्ये विद्यार्थी आणि शिक्षक दोघांसाठी दक्षिण आशियाई संस्कृतीवर कार्यक्रम सुरू करून दिले. राज्यात द्वेषमूलक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा १९९०मध्ये झाला, त्यामागेही हीच धडपड होती.

खडूफळा

मी विस्कॉन्सिनमध्ये सरकारी हायस्कूलला शिकवते. अबोली, तुमच्या मुख्याध्यापकांनी ते पत्र एकट्यानं लिहिलेलं नसणार. आमच्याकडे असं प्रत्येक पत्र जिल्हा कार्यालयातून, तिथल्या वकिलांच्या नजरेखालून जातं, आणि वकील पहिल्यांदा विशेषणं काढतात, मग नामं.

आमच्या राज्यातलं बॅराबूचं उदाहरण घ्या. २०१८च्या वसंतात प्रॉमच्या (शाळेच्या नृत्यसमारंभाच्या) आधी तिथल्या हायस्कूलच्या मुलांचा कोर्टाच्या पायऱ्यांवर फोटो काढला गेला. पन्नास-साठ मुलं, आणि बहुतेकांचे हात नाझी सलामीत वर. नोव्हेंबरात तो फोटो जगभर फिरला. एका मुलानं हात वर केला नव्हता, त्याला नंतर किती मुलाखती द्याव्या लागल्या असतील! जिल्ह्यानं चौकशी केली आणि शेवटी अधीक्षकांनी (जिल्ह्यातल्या शाळांचे प्रमुख) पालकांना कळवलं की मुलांच्या मनात काय होतं हे आम्ही जाणू शकत नाही, आणि पहिल्या घटनादुरुस्तीमुळे (अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी) त्यांना शिक्षा करता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीनं यात फार चूक काढता येणार नाही. १९६९च्या टिंकर खटल्यापासून (व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती लावून शाळेत आलेली मुलं) नियम असा आहे की शाळेच्या कामात मोठा व्यत्यय येत असेल किंवा दुसऱ्याच्या हक्कांवर घाला येत असेल तरच विद्यार्थ्याची अभिव्यक्ती रोखता येते. बॅराबूचा फोटो शाळेबाहेरचा.

पण गोची इथेच आहे. शिक्षा करता येत नाही, याचा अर्थ बोलता येत नाही असा होत नाही. मुख्याध्यापक शाळेच्या वतीनं "हे ज्यूद्वेषी आहे, आणि आमच्या शाळेला हे मान्य नाही" असं म्हणू शकतात. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, कोणाचं स्वातंत्र्यही हिरावलं जात नाही. वकील "कारवाई नको" म्हणतात आणि शाळा त्यातून "बोलायलाच नको" असं ऐकते. माझ्या नोकरीत हा गोंधळ मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. बॅराबूतही नंतर गावकरी, शिक्षक, ज्यू समाजातली मंडळी एकत्र बसली, कार्यक्रम झाले, अभ्यासक्रमाकडे पाहिलं गेलं. पण जगाच्या लक्षात राहिलं ते आधीचं पत्र.

तुमच्याकडे तर पत्रकं बाहेरच्या गटानं टाकलीत. एकाही विद्यार्थ्याच्या हक्काचा प्रश्न नाही. मग गुळमुळीत लिहायचं कारण काय?

शुक्रवारी मी काय मागितलं असतं? सगळ्यात आधी, दुसरं पत्र. त्यात कृत्याचं नाव हवं आणि ते कोणाविरुद्ध आहे ते हवं. गटाचं नाव, संकेतस्थळ, पत्रकाचा फोटो मात्र नको, कारण त्या पत्रकावरचा क्यूआर कोड मुलांपर्यंत शाळेनंच पोचवायचा हे त्यांच्या पथ्यावर पडतं. दुसरं, पत्र जाण्याआधी त्या ज्यू मुलीच्या घरी मुख्याध्यापकांचा स्वतःचा फोन. सचिवांचा नाही. तिसरं, दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला शिक्षकांनी काय बोलायचं ते आदल्या रात्री लेखी मिळालं पाहिजे. ते मिळालं नाही की माझ्यासारखे बोलतात आणि शेजारच्या वर्गात काहीच होत नाही. मुलं डबे उघडल्यावर ते ताडून बघतात, हो.

आणि शाळेच्या भिंतीवर कधी काही रंगवलेलं सापडलंच, तर आधी फोटो, मग पोलिस, आणि मुलं यायच्या आत पुसून साफ. हा क्रम चुकला की पुरावा जातो, नाहीतर आठशे मुलं ते बघतात.

चिंगी

खडूफळा, प्रतिसाद सेव्ह केला. आमच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये स्वस्तिक (त्यांचं, आपलं नव्हे) सापडलं होतं, तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर.

रोखठोक

मला हे सगळं अती वाटतं. चार-दोन रिकामटेकडे रात्री गाडीतून पिशव्या फेकतात. त्यांना हवी असते बातमी. मुख्याध्यापक पत्र काढणार, टीव्हीवाले येणार, पुढच्या महिन्यात दुप्पट पिशव्या. शाळेनं गणित-विज्ञान शिकवावं. लक्ष दिलं नाही की आपोआप विझतं.

बटाट्यांच्या_देशात

रोखठोक, तुमचा पहिला निम्मा मुद्दा खरा आहे. दुसरा निम्मा खोटा आहे हे आमच्या आयडाहोनं वीस वर्षं खर्चून सिद्ध केलंय.

मी बॉयझीत राहते. राज्याच्या उत्तर टोकाला कोर्डलेन म्हणून सुंदर तळ्याकाठचं गाव आहे. त्याच्याजवळ हेडन लेकला रिचर्ड बटलर नावाच्या माणसानं सत्तरच्या दशकात 'आर्यन नेशन्स'चा तळ उभारला. वीस एकर, पहारेकरी, देशभरच्या नाझीप्रेमींचे वार्षिक मेळावे. गावातल्या पुष्कळांचं मत तुमच्यासारखंच होतं, लक्ष देऊ नका. १९८०च्या शेवटी हेडनमधल्या एका ज्यू माणसाच्या उपाहारगृहाची भिंत नाझी चिन्हांनी रंगवली गेली, मग एका मिश्रवंशीय कुटुंबाला धमक्या आल्या. तेव्हा काही जण एकत्र आले आणि १९८१मध्ये कूटेने काउंटीचं मानवी संबंध कृती दल स्थापन झालं. त्यातल्या मुख्य माणसांपैकी एक टोनी स्टुअर्ट, तिथल्या नॉर्थ आयडाहो कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे. दलाचं नेतृत्व करणारे कॅथलिक धर्मगुरू बिल वासमथ यांच्या घरावर १९८६मध्ये बॉम्ब टाकला गेला. ते वाचले, आणि काम थांबलं नाही.

आता प्रसिद्धीचा मुद्दा. कृती दलाची पद्धत अशी होती की समोरासमोर जायचं नाही. बटलरच्या लोकांचा मेळावा असेल तर आपला कार्यक्रम दुसरीकडे. १९९८मध्ये बटलरनं गावातून मोर्चा काढला तेव्हा लोकांनी 'मोर्चा जितकी मिनिटं चालेल तितके पैसे मानवी हक्कांच्या कामाला' अशी वचनं गोळा केली. जितके जास्त चालाल तितकी तुमच्या विरोधकांची तिजोरी भरणार! (माझी आजी याला 'त्याच्याच काठीनं त्याचाच साप' म्हणाली असती.) जर्मनीत वुनझीडेल गावानं २०१४मध्ये नवनाझींच्या मोर्चावर हीच युक्ती मीटरच्या हिशेबानं केली.

आणि शाळा? तिथल्या सरकारी शाळांतली पाचवीची मुलं दर जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ एकत्र येतात. वर्षानुवर्षं. मला यातली सर्वांत शहाणी गोष्ट ही वाटते की तो कार्यक्रम कुठल्याही पत्रकाला, मोर्चाला उत्तर म्हणून होत नाही. ठरलेल्या वेळी होतो. गावात पाचवी केलेला प्रत्येक माणूस त्यातून गेलेला असतो.

बटलरचा शेवट कोर्टानं केला. तळावरच्या पहारेकऱ्यांनी रस्त्यानं जाणाऱ्या एका आईवर आणि मुलावर गोळ्या झाडल्या होत्या, त्या खटल्यात २०००मध्ये ६३ लाख डॉलरची भरपाई ठोठावली गेली, तळ विकावा लागला. ग्रेग कार नावाच्या उद्योजकानं ती जमीन घेऊन कॉलेजच्या प्रतिष्ठानला दिली.

पण म्हणून सगळं गोड झालं असं नाही. जून २०२२मध्ये त्याच गावात प्राइड कार्यक्रमाजवळ एका भाड्याच्या ट्रकमधून 'पॅट्रियट फ्रंट' या गोऱ्या वर्चस्ववादी गटाचे ३१ जण पकडले गेले. मार्च २०२४मध्ये युटा विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाला तिथे वर्णद्वेषी शिवीगाळ झाली, संघाला हॉटेल बदलावं लागलं.

रोखठोक

मिनिटावर पैसे ही आयडिया आवडली. मुद्दा थोडा मागे घेतो, पूर्ण नाही. पुस्तकी कार्यक्रमांनी मुलं कंटाळतात हे पण खरंय.

कलमबहाद्दर

कायद्याच्या बाजूनं दोन गोष्टी.

एक, सार्वजनिक शिक्षणसंस्था केंद्राचे पैसे घेत असेल तर १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण तिला लागू होतं. वंश, वर्ण किंवा मूळ देश यावरून मुलाचा छळ इतका वाढला की त्याला शिकणं अशक्य व्हावं, आणि शाळेला ते माहीत असूनही ती गप्प बसली, तर तक्रार करता येते. साधारण १८० दिवसांत. म्हणून पालकांनी प्रत्येक गोष्ट लेखी कळवावी. फाटकापाशी उभं राहून मुख्याध्यापकांशी केलेलं बोलणं तक्रारीत उपयोगी पडत नाही. हेही सांगून ठेवतो की शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाची बारापैकी सात प्रादेशिक कार्यालयं बंद करायचं मार्च २०२५मध्ये जाहीर झालं. तेव्हा त्या वाटेनं झटपट न्यायाची अपेक्षा नको.

दुसरी गोष्ट जरा अडचणीची. माझ्या गावात आमची रविवारची मराठी शाळा सरकारी शाळेच्या वर्गांत भरते, गणपतीला तिचंच सभागृह भाड्यानं घेतो. शाळेनं शाळा सुटल्यानंतर इमारत लोकांना खुली केली की मग मतं पाहून कोणाला नाही म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००१च्या मिलफर्ड निकालात हे स्पष्ट केलं (तिथे प्रश्न मुलांच्या एका ख्रिस्ती मंडळाचा होता). म्हणजे ज्या नियमानं आपल्याला सभागृह मिळतं, त्याच नियमानं उद्या एखादा द्वेषगट 'वाचक मेळावा' म्हणून अर्ज करू शकतो. शहाणे अधीक्षक असा अर्ज यायच्या आधीच भाड्याचे नियम नीट करून ठेवतात. विमा, अनामत, सुरक्षेच्या अटी, शाळेच्या वेळेत बाहेरच्यांना बंदी, आणि हे सगळं सगळ्यांना सारखं. अर्ज आल्यावर नियम बदलले तर कोर्टात हरणार, वर त्यांच्या वकिलाची फीही भरावी लागेल.

श्प्रेकाठची

बर्लिनहून. इथे 'वंशवादमुक्त शाळा, धाडसी शाळा' अशी पाटी खूप शाळांच्या दारावर दिसते. कल्पना मूळ बेल्जियमची, जर्मनीत १९९५पासून. शाळेतल्या किमान ७० टक्के लोकांनी, म्हणजे मुलं, शिक्षक, शिपाई, स्वयंपाकघरातले सगळे धरून, सही करायची की भेदभाव दिसला तर आम्ही मध्ये पडू. चार हजारांहून जास्त शाळा त्यात आहेत.

पाटी असली म्हणजे झालं, असं नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये ब्रांडेनबुर्गमधल्या बुर्ग गावच्या शाळेतल्या दोन तरुण शिक्षकांनी खुलं पत्र लिहिलं की शाळेत बाकांवर स्वस्तिक कोरलेली असतात, हिटलरी सलाम होतात, आणि बोलणारे एकटे पडतात. देशभर गाजलं. काही महिन्यांत गावातल्या खांबांवर त्यांच्या फोटोची स्टिकर्स लागली, चालते व्हा म्हणून. जुलैत दोघांनी शाळा सोडली. जर्मनीत ही चिन्हं दाखवणं गुन्हा आहे, अमेरिकेसारखा अभिव्यक्तीचा प्रश्नच नाही, तरीही हे झालं. कायदा कडक असला तरी वरिष्ठ पाठीशी उभे राहिले नाहीत तर कनिष्ठ शिक्षकाला गाव सोडावं लागतं. अबोली, तुमच्या मुख्याध्यापकांना विचारा की उद्या एखाद्या शिक्षिकेनं वर्गात हा विषय काढला आणि तिच्याविरुद्ध तक्रार आली, तर ते काय करतील. त्या उत्तरावरून सगळं कळेल.

सांगलीचा_मास्तर

धागा परदेशाचा आहे, तरी राहवत नाही. आपल्याकडे 'द्वेषगट' असं कोणी म्हणत नाही, पण ऑगस्ट २०२३मध्ये तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या नांगुनेरीत काय झालं ते बघा. दलित विद्यार्थ्यानं वर्गातल्या मुलांच्या छळाची शाळेत तक्रार केली, आणि रात्री त्याच शाळेतल्या मुलांनी घरात घुसून त्याच्यावर आणि बहिणीवर कोयत्यानं वार केले. तिकडे मुलं मनगटाला जातीच्या रंगाचे धागे बांधून शाळेत येतात.

सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांना चौकशीला नेमलं, २०२४च्या जूनमध्ये अहवाल आला. रंगीत धाग्यांवर बंदी, शाळांच्या नावांतून जात काढणं, वगैरे. कपाळावरच्या खुणांना बंदीची शिफारस होती, तिच्यावरून अपेक्षेप्रमाणे राजकारण पेटलं. पण माझ्या मते खरी शिफारस वेगळीच होती. त्या भागात ज्या जातीचं प्राबल्य आहे, त्या जातीचा मुख्याध्यापक किंवा शिक्षणाधिकारी तिथे नेमू नये. म्हणजे मुख्याध्यापक कोणाचा माणूस आहे, यावर मुलाची तक्रार ऐकली जाते की नाही ते ठरतं, हे न्यायमूर्तींनी कागदावर आणलं.

आमच्याकडे दहावीची पोरं स्टेटस काय ठेवतात ते बघून आम्हाला घाम फुटतो. जून २०२३मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरूनच शहर पेटलं होतं. मुख्याध्यापकानं पालकाला बोलावलं की अर्ध्या तासात गावपुढाऱ्याचा फोन, "सर, पोरं आहेत, सोडून द्या." कर्मवीरांनी १९२४ला साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवली. त्यांना असे फोन आले नसतील? तेव्हा तर घरोघरचा विरोध होता.

संपादक मंडळ

इथून पुढे कोल्हापूर प्रकरणातल्या पक्षांवर चर्चा गेल्यास प्रतिसाद उडवले जातील. वरचा प्रतिसाद शाळांबद्दल आहे म्हणून ठेवला आहे.

दोन_मुलांची_आई

एक विचारू का? सगळे धरून चाललेत की आपली मुलं फक्त या द्वेषाला बळी पडणारी आहेत. माझा चौदा वर्षांचा मुलगा गेमिंगच्या डिस्कॉर्डवर जे मीम बघून हसतो, त्यातली काही हिटलरची आहेत. काही मुसलमानांवरची आहेत, ती आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही येतात. मुलाला वाटतं, सगळे हसतात म्हणून हसायचं. शाळेला सांगायची भीती वाटते. त्याच्या नावावर शेरा बसला तर?

खडूफळा

ताई, हे विचारलंत ते फार बरं केलंत. द्वेषगट पोरांना विचारसरणी देऊन ओढत नाहीत, आधी विनोद देतात, मित्र देतात.

आमच्याच राज्यात ओक क्रीकच्या गुरुद्वारात ५ ऑगस्ट २०१२ला एका गोऱ्या वर्चस्ववाद्यानं गोळीबार केला. गुरुद्वाराचे अध्यक्ष सतवंतसिंग कलेका त्यात गेले. त्यांचा मुलगा परदीप स्वतः शिक्षक होता, आधी पोलिसात. त्यानं आर्नो मायकलिस या माणसाला गाठलं, जो तरुणपणी गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीचा म्होरक्या होता आणि बाहेर पडलेला होता. दोघं मिळून मिलवॉकी भागातल्या शाळांमध्ये मुलांबरोबर काम करायला लागले. मुख्याध्यापक अशा माणसाला शाळेत बोलावतात तेव्हा पालकांचे फोन येतात, "माजी नाझी आमच्या मुलांसमोर?" पण ज्या पोराला मीम बघून हसू येतं, तो माझं ऐकत नाही, त्याचं ऐकतो.

शेऱ्याबद्दल: आधी मुख्याध्यापकांकडे जाऊ नका, समुपदेशकांकडे जा, आणि शिस्तभंगाची नोंद न करता बोलता येईल का हे आधीच विचारा. बऱ्याच शाळांत येतं.

अबोली

शुक्रवारची भेट झाली. माझ्यासोबत त्या ज्यू मुलीची आई आणि बस थांब्यावरची आणखी एक आई होती. मुख्याध्यापक बचावात्मक होते, पण माणूस वाईट नाही. वकिलांनी विशेषणं काढल्याचं त्यांनी जवळजवळ कबूलच केलं (खडूफळा!). मुलीच्या घरी त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला. मंगळवारी दुसरं पत्र आलं, त्यात 'ज्यूद्वेषी' हा शब्द आहे, आणि शाळेला हे मान्य नाही असं सरळ वाक्य आहे.

श्प्रेकाठचीचा प्रश्न मी विचारला. शिक्षिकेच्या पाठीशी उभे राहाल का? "परिस्थितीवर अवलंबून," म्हणाले. पहिल्या तासाच्या चर्चेला मात्र नकार. आणि पत्रकातल्या खालच्या दोन ओळी, आपल्याबद्दलच्या, त्यांचा उल्लेख दुसऱ्या पत्रातही नाही. विचारलं तर म्हणाले, एका वेळी एक गोष्ट. ग्रुपवर आता दोन्ही तटांतले लोक चिडलेत, ही एक प्रगती.

कलमबहाद्दर

स्कूल बोर्डाच्या पुढच्या बैठकीत नागरिकांच्या वेळेत बोला. बहुतेक ठिकाणी माणशी दोन-तीन मिनिटंच मिळतात आणि नाव आधी नोंदवावं लागतं. भाड्याच्या नियमांबद्दल आणि शिक्षकांना लेखी सूचना देण्याबद्दल विचारा. मुख्याध्यापकांची तक्रार करू नका, त्यांना बोर्डाकडून पाठबळ मागा. ते स्वतः मागू शकत नाहीत.

जुना_जर्सीकर

आणि त्या मुलीच्या आईला आधी बोलू द्या. मग तुम्ही त्या दोन ओळींवर या.

अबोली

दोघींची नावं नोंदवली. बैठक चोवीस तारखेला आहे. मसुदा उद्या इथे टाकते, निर्दयपणे कापा.

रोखठोक

टाका. तीन मिनिटांत बसवायचं असेल तर माझ्याकडे द्या, मी कापण्यात पटाईत आहे.